रस्त्याकडेला मेटल डिटेक्टर चालवता येतो का? जमीन सरकारी असते, पण समोरच्या घरातून कोणीतरी बघत असतं

कानाला हेडफोन, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी गोल तबकडी. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. अमेरिकेत फुटपाथ आणि डांबरी रस्ता यांच्या मधे गवताची एक अरुंद पट्टी असते. ती सार्वजनिक असली तरी तिची निगा समोरचा घरमालक राखतो. तिथले हौशी लोक या पट्टीवर यंत्र फिरवून शंभर वर्षांपूर्वीची नाणी काढतात. ऑनलाइन यंत्र मागवणं सोपं झाल्यामुळे आपल्याकडेही काही जणांना हा छंद खुणावतो.

अमरावती किंवा अकोल्यात रस्त्याच्या कडेला हे यंत्र फिरवलं, तर पाच मिनिटांत कोणीतरी येऊन विचारणारच, "काय शोधून राहिले भाऊ?" या प्रश्नामागे कुतूहल कमी आणि संशय जास्त असतो. त्या संशयाला वऱ्हाडात एक जुना शब्द आहे: गुप्तधन.

कडेची ती पट्टी नेमकी कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा आणि त्यांच्या कडेचे चर, बांध हे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसतील तर राज्य सरकारचे असतात. म्हणजे डांबर संपलं की सरकारची हद्दही संपली, असं होत नाही. नालीसुद्धा सरकारचीच. महापालिकेच्या हद्दीतले सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या ताब्यात असतात, गावातले ग्रामपंचायतीच्या, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे.

राष्ट्रीय महामार्ग 53 चं उदाहरण घ्या. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा महामार्गाची हद्द डांबराच्या बरीच बाहेर जाते आणि तिथे परवानगीशिवाय खोदकाम करणं 2002 च्या महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याच्या कक्षेत येतं.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. जागा सार्वजनिक आहे म्हणजे तिथून चालता येतं, पण खोदायचा हक्क त्यातून मिळत नाही. आपल्याकडे या छंदासाठी वेगळा कायदा नाही आणि "यंत्र फिरवायला हरकत नाही" असं कुठे लिहिलेलंही नाही. यंत्र हवेत फिरवणं आणि मातीत खुरपी घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण दुसरीत आहे.

आणि खाली नुसती माती नसते. रस्त्याच्या कडेने ऑप्टिकल फायबर जाते, पाण्याची पाइपलाइन जाते, शहरात महावितरणची भूमिगत केबलही असते. केबल तुटू नयेत म्हणून केंद्राने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. ते मुख्यतः जेसीबीवाल्यांसाठी आहे. पण डिटेक्टरला लांबच लांब, एकसारखा सिग्नल येत असेल तर ते नाणं नाही, खाली पाइप किंवा केबल आहे, एवढं हौशी माणसालाही कळायला हवं.

काळी माती यंत्राला चकवते

साधा डिटेक्टर तबकडीतून चुंबकीय क्षेत्र सोडतो. खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतात, त्यांचं उलटं क्षेत्र तबकडी पकडते आणि कानात टूं वाजतं. चांगल्या जमिनीत नाण्याएवढी वस्तू साधारण 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंत कळते.

वऱ्हाडची जमीन मात्र 'चांगली' नाही, निदान यंत्राच्या दृष्टीने. ही काळी माती बेसाल्टची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात लोहाची चुंबकीय खनिजं मिसळलेली असतात, त्यामुळे मातीच सिग्नल देते. स्वस्त यंत्र अशा जमिनीवर सारखं किरकिरत राहतं. 'ग्राउंड बॅलन्स' करता येणारं यंत्र घेतलं तरी खोली कमी होतेच.

या मातीचा दुसरा गुण शेतकऱ्यांना पाठ आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि भेगा मिटतात. वर पडलेली वस्तू भेगेतून खाली जाते, खालची कधीतरी वर येते. म्हणून 'जितकं खोल तितकं जुनं' हा हिशेब इथे चालत नाही. त्यात रस्त्याची कडा म्हणजे बहुतेक ठिकाणी बाहेरून आणून टाकलेला मुरूम. त्यात सापडलेलं नाणं मूळचं त्या गावचं असेलच असं नाही.

मग सापडतं काय? बहुतांश कचरा: बाटल्यांची बुचं, चांदीच्या कागदाचे तुकडे, तारा, खिळे. जुन्या गाडीवाटेवर बैलांच्या पायाच्या पत्र्या आणि चाकाच्या धावेचे तुकडे. वऱ्हाडचा कापूस ट्रक येण्याआधी बैलगाड्यांनीच बाजाराला जायचा, त्यामुळे हे लोखंड जागोजागी आहे. आठवडी बाजाराच्या जागेजवळ पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी, कधी 1957 नंतरचा 'नया पैसा', नशीब असेल तर तांब्याचा ढब्बू पैसा. मुघल काळात एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, टांकसाळ होती. तिथलं नाणं हाती लागणं शक्य आहे. पण तसं झालं की तो छंद राहत नाही, सरकारी प्रकरण होतं.

10 रुपयांची मर्यादा

जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी भारतात आजही 1878 चा निखात निधी कायदा लागू आहे. 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. शिवाय तो ठेवा सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा त्यासाठी जामीन द्यायचा. 1878 मध्ये 10 रुपये ही मोठी रक्कम होती. आकडा तोच राहिला, त्यामुळे आज जवळपास काहीही या मर्यादेच्या वर जातं.

जिल्हाधिकारी मग जाहीर नोटीस काढतात आणि 4 ते 6 महिन्यांनंतरच्या एका दिवशी दावेदारांना बोलावतात. गेल्या 100 वर्षांत हा ठेवा आमच्याच घरच्या माणसाने पुरला होता, असं कोणी म्हटलं तर त्याला दिवाणी न्यायालयात जाण्याची संधी मिळते. ठेवा बेवारस ठरला आणि जागेचा मालक वेगळा निघाला, तर आधी काही करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला, अशी वाटणी होते. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते तो घेऊ शकतं.

न कळवता ठेवा घरी नेला, तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साथ देणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे "काका, अर्धं तुमचं, कोणाला सांगू नका" हे वाक्य काकांनाही अडचणीत आणतं. इंग्लंडमध्ये 2009 साली एका हौशी शोधकाला शेतात सोन्याचा प्रचंड साठा सापडला, तो 'स्टॅफर्डशायर होर्ड'. त्याने तो कळवला आणि सुमारे 33 लाख पौंडांची रक्कम त्याच्यात आणि शेतमालकात वाटली गेली. तिथे पैसे बाजारभावाने ठरतात, आपल्याकडे धातूच्या वजनाने. ठेवे गुपचूप वितळवले जाण्यामागे हेही एक कारण असावं.

100 वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. कोणाची परवाच पडलेली अंगठी सापडली तर नियम वेगळे. ती ठेवून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अपहार ठरू शकतं. ती पोलीस ठाण्यात द्यावी.

काही ठिकाणी यंत्र बाहेरच काढायचं नाही

गाविलगड, नरनाळा आणि बाळापूरचा किल्ला ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेळघाटच्या जंगलातही हा उद्योग करू नये. अमरावतीच्या जुन्या परकोटाच्या पायथ्याशी खुरपं चालवायची गरज नाही.

तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ 29 नोव्हेंबर 1803 ला वेलस्लीच्या फौजेची नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याशी लढाई झाली. अशा मैदानात शिशाची एखादी गोळी कुठे पडली आहे, यावरून कोण कुठून लढलं हे अभ्यासकांना कळू शकतं. ती गोळी खिशात गेली की मागे फक्त शिसं उरतं. अचलपूरजवळच्या चम्मक गावी नांगरताना निघालेला ताम्रपट इतका महत्त्वाचा ठरला, कारण तो कुठे सापडला हे माहीत होतं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने ब्राह्मणांना दान दिलेल्या ज्या गावाचं नाव त्यावर आहे, ते 'चर्मांक' म्हणजे हेच चम्मक.

आता समोरच्या घराबद्दल

कायद्याने ती पट्टी सरकारची, पण रोज सकाळी तिथे सडा घालतं कोण? समोरच्या घरातली बाई. तुळस तिची, मोगरा तिचा, पाण्याचा नळही तिथेच. "ही जागा तुमची नाही" असं म्हणून सुरुवात करणारा माणूस कायद्याने बरोबर असेल, पण तिथून रिकाम्या हातानेच परत जाईल.

शिवाय भीतीला कारण आहे. वऱ्हाडात गुप्तधनाच्या नादाने लोकांनी घरं पोखरली आहेत, पूजा मांडल्या आहेत. राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. अनोळखी माणूस दाराशी जमीन उकरताना दिसला की घरच्यांच्या डोक्यात हेच येतं. त्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा सुरू असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. त्यांच्या हातात कुठलंही यंत्र नव्हतं.

म्हणून खेड्यात आधी पोलीस पाटील आणि सरपंच यांना भेटावं, शहरात संबंधित कार्यालयाला अर्ज द्यावा आणि त्याची पोच खिशात ठेवावी. मग घरी. दुपारी बाईमाणूस एकटी असताना दार वाजवू नये, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी उजेड असताना जावं. "राम राम काका" म्हणून नाव, गाव सांगावं, यंत्र त्यांच्याच हातात द्यावं. ओट्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून ते वाजवून दाखवलं की निम्मा संशय तिथेच जातो आणि घरातली पोरं आपल्या बाजूची होतात. अंधारात कधीही नाही. अमावस्येला तर मुळीच नाही. तुमचा विश्वास असो-नसो, बघणाऱ्याचा असतो.

सिग्नल आला की घरच्यांसमोरच खणावं, बोटभर. निघालेलं बूच असलं तरी दाखवावं. खड्डा बुजवून वर पाणी शिंपडावं, कचरा पिशवीत घालून घेऊन जावा. तबकडी कुंपणाच्या आत जाऊ देऊ नये. घरातले नको म्हणाले तर वाद न घालता निघावं. त्यांनी 112 वर फोन केला तर पळू नये, अर्जाची पोच दाखवावी.

कधी उलटंही होतं. "आमच्या सुनेच्या कानातलं गेल्या दिवाळीला अंगणात पडलं, तेवढं बघता का?" असं कोणी विचारतं. या यंत्राचा सगळ्यात सरळ उपयोग हाच. वस्तू ओळखीची, मालक समोर, कायद्याची भानगड नाही. मात्र त्याचे पैसे आधी ठरवून मागू लागलं की गुप्तधनवाल्या भोंदूंच्या रांगेत गणना होते. ते भोंदू दोन तारांची 'शंभर फुटांवरून सोनं दाखवणारी' यंत्रं विकतात, ती खोटी असतात. अशाच पोकळ दांड्यांना बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

हंगाम विचाराल तर एप्रिल-मे मध्ये काळी माती दगडासारखी असते, जुलै-ऑगस्टमध्ये चपलेला चिकटते. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे जमीन थोडी ओलसर असते. तेव्हा बोटभर खड्डाही सहज निघतो आणि तितक्याच सहज बुजवताही येतो.