पिनियल ग्रंथी आणि प्रकाश
प्राण्यांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथी अंधारात मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवते. उजेड पडताच स्राव मंदावतो. ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गायीबैलांच्या ग्रंथींतून हे संप्रेरक वेगळे केले. सस्तन प्राण्यांत ग्रंथीला स्वतःला उजेड कळत नाही. दृष्टिपटलाचा संदेश अधोथॅलॅमसमधील जैविक घड्याळाकडे जातो, मेरुरज्जूत उतरतो आणि मानेतील गुच्छिकेमार्गे पुन्हा वर येतो. एवढा वळसा पडूनही परिणाम झटपट होतो: रात्री उंदरांच्या पिंजऱ्याजवळ दिवा लावला, की मेलॅटोनिन घडवणाऱ्या एंझाइमाची क्रिया काही मिनिटांतच निम्म्यावर येते. पक्षी, सरडे व मासे यांच्या पिनियल पेशी मात्र कवटीतून झिरपणारा प्रकाश थेट टिपतात.

रात्र जितकी लांब, तितका स्राव अधिक काळ चालतो आणि त्यावरून शरीराला ऋतू उमगतो. याचा सर्वांत बोलका पुरावा सीरियन हॅम्स्टरचा म्हणावा लागेल. उजेड दिवसाला साडेबारा तासांहून कमी झाला, की काही आठवड्यांत नराचे वृषण आक्रसतात. ग्रंथी काढून टाकल्यास तसे होत नाही, हे हॉफमन व रायटर यांनी १९६५ मध्ये दाखवले. मेंढ्यांचे याउलट, त्या रात्री लांबू लागल्यावर माजावर येतात. म्हणून समशीतोष्ण देशांत हंगाम अलीकडे आणण्यासाठी मेंढीच्या कानामागे त्वचेखाली मेलॅटोनिनची गोळी बसवतात.