वकीलपत्र

हजरतगंजातल्या जनरल पोस्ट ऑफिसात मी अनुवादांची पाकिटं टाकायला जाते. ब्रिटिश अमदानीत इथे रिंग थिएटर होतं आणि काकोरी खटला इथेच चालला. ९ ऑगस्ट १९२५ रोजी क्रांतिकारकांनी काकोरीजवळ रेल्वे थांबवून सरकारी पैसा लुटला. त्या वेळी गोळी लागून एक प्रवासी मेला. पुढे चौघे फासावर गेले. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. नंतर ते लखनौकरच झाले.

आपण त्यांना क्रांतिकारक म्हणतो. सरकारच्या लेखी ते दरोडेखोर आणि राजद्रोही होते. तरीही त्यांची बाजू मांडायला वकील उभे राहिले. त्यांतले गोविंद वल्लभ पंत आणि चंद्रभानु गुप्त पुढे उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. वकील असूनही फाशी टळली नाही, हेही खरं.

२३ नोव्हेंबर २००७ रोजी लखनौ, फैजाबाद आणि वाराणसीच्या न्यायालयांच्या आवारांत स्फोट झाले. मृतांत वकीलही होते. राज्यातल्या काही वकील संघटनांनी ठरवलं, दहशतवादाच्या आरोपींचं वकीलपत्र घ्यायचं नाही. सहकाऱ्याचं रक्त पाहिलेल्या माणसांचा तो संताप मला समजतो. पण आरोपी आणि गुन्हेगार हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर भरून काढायला खटला असतो. मोहम्मद शोएब यांनी अशी वकीलपत्रं घेतली. २००८ साली लखनौच्या न्यायालयातच त्यांना मारहाण झाली.

राज्यघटनेचं कलम २२ अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क देतं. डिसेंबर २०१० मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे बहिष्काराचे ठराव बेकायदा ठरवले. निकाल देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू जन्माने लखनौचे. मुंबईत तर कसाबलाही वकील मिळाला. म्हणूनच २०१२ सालच्या त्याच्या फाशीला सूड म्हणता येत नाही.

परक्या सरकारच्या न्यायालयात आपल्या माणसांना वकील मिळाला, याचा आपण अभिमान बाळगतो. मग स्वतःच्या लोकशाहीत आपल्याला नकोशा माणसाला तो मिळू नये, असं कसं म्हणता येईल? खिडकीपाशी पावती घेताना दर वेळी हा प्रश्न मनात येतो.