पाऊल न वाजविणारे : कोलाड परिसरातील पायी शिकारीची हकीकत

श्रावणबाळाची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. पावसाळ्याचे दिवस, रात्रीचा अंधार, आणि शरयूच्या काठी शिकारीस गेलेला तरुण दशरथ. घडा पाण्यात बुडविल्याचा आवाज त्याच्या कानी आला. हत्ती पाणी पीत आहे असे त्याने मानले आणि त्या आवाजाच्या रोखाने बाण सोडला. पुढे काय झाले ते सांगावयास नको. पुत्रवियोगाचा शाप आपण सारे लक्षात ठेवतो. परंतु शिकारीच्या बाजूने पाहिले तर ही कथा आवाजाची आहे. एक आवाज दुसऱ्या आवाजासारखा भासला आणि अनर्थ ओढवला. रानात कान फसतो, हे सत्य दशरथाने फार मोठी किंमत देऊन जाणले. तेच सत्य उलट्या बाजूने ओळखून, आपल्या पावलांचा आवाज रानातील दुसऱ्या एखाद्या आवाजात मिसळून टाकण्याची विद्या ज्यांनी साधली होती, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे योजिले आहे.

आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांची मुळे कोलाड, रोहे व आसपासच्या गावी आहेत, त्यांना हा मुलूख नव्याने सांगण्याची गरज नाही. तथापि मुंबई-पुण्यास जन्मलेल्या तरुण पिढीसाठी थोडे सांगतो. मुंबई-गोवा रस्त्यावरील कोलाड हे गाव कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वसले आहे. कोकण रेल्वेवर रोह्यानंतरचे पहिले स्थानक तेच. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस रेवदंड्याच्या खाडीकडे उतरत जाणारे खोरे, आणि मध्ये साग, ऐन, किंजळ, खैर, कुडा यांची राने. १९८१ सालापूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्या वर्षापासून तो रायगड झाला. या रानांत भेकर, सांबर, रानडुक्कर ही जनावरे असत, आणि गावातील परवानेधारकांच्या घरी ओटीवरील भिंतीला एखादी ठासणीची बंदूक टांगलेली असे. कित्येक जुन्या घरांत सांबराची शिंगे अद्यापही त्या भिंतीवर आहेत. बंदुका मात्र केव्हाच गेल्या.

शिकारीचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला हाक्याचा. यात पाच-पन्नास माणसे ढोल, डबे व आरडाओरडा यांनी रान उठवितात आणि बंदूकवाले मोक्याच्या जागी बसून राहतात. हा गोंगाटाचा मार्ग फार जुना आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील दुसऱ्या अंकाच्या आरंभी बिचारा विदूषक हीच तक्रार करीत येतो, की रान वेढणाऱ्या पारध्यांच्या कोलाहलाने भल्या पहाटे आपली झोप मोडली. राजेरजवाड्यांना हा प्रकार विशेष प्रिय, कारण त्यात थाट असतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेलाही स्थान दिलेले आढळते. चित्रे, बखरी, छायाचित्रे यांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली शिकार बहुधा याच थाटाची.

दुसरा प्रकार एकट्यादुकट्याने पायी जाऊन, माग काढीत जनावराजवळ पोहोचण्याचा. यात ढोल नाही, थाट नाही, आणि म्हणून लेखीही फारसे काही उरले नाही. परंतु विद्या म्हणून पाहिले तर हाच प्रकार श्रेष्ठ होय. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला थोडा. एक बार झाला की पुन्हा दारू ठासण्यास अवकाश लागे, तोवर जनावर डोंगर ओलांडून जाई. म्हणून जवळ गेल्यावाचून गत्यंतर नसे. आणि जवळ जाण्यास सर्वांत मोठा अडथळा म्हणजे आपलेच पाऊल.

हरिणवर्गातील जनावराचे नाक तीक्ष्ण आहे आणि कानही तितकेच तयार आहेत. त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. एक पुढचा कानोसा घेतो तेव्हा दुसरा मागचा घेऊ शकतो. अशा जनावरापुढे संपूर्ण नि:शब्द होणे मनुष्याला शक्य नाही. त्यातून आपले रान पानगळीचे. पौष-माघापासून साग पाने टाकू लागतो, आणि सागाचे वाळलेले पान पायाखाली पापडासारखे वाजते. मग जाणत्याने काय करावे? येथेच या विद्येचे मर्म आहे. जाणता मनुष्य आपला आवाज नाहीसा करण्याच्या मागे लागत नाही. ज्या आवाजांना जनावर भीत नाही, अशा आवाजांच्या आड तो आपला आवाज दडवितो.

प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे याविषयी जे सांगत, त्याचा सारांश असा. पहिला आधार वाऱ्याचा. आपल्याकडे पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. वारा नेहमी तोंडावर घ्यावा, म्हणजे माणसाचा वास जनावराकडे जात नाही, हे तर प्रत्येकास ठाऊक. परंतु वाऱ्याचा दुसरा उपयोग आवाजासाठी होता. झुळूक आली, झाडे सळसळली, की त्या सळसळीत दोन-चार पावले टाकावयाची. झुळूक थांबली की आपणही जागच्या जागी थांबावयाचे, मग पाय अवघडला तरी चालेल. दुसरा आधार दहिवराचा. पहाटे दहिवराने भिजलेले पान मऊ पडते व वाजत नाही. ऊन चढले की तेच पान वैरी होते. तिसरा आधार पाण्याचा. ओहोळ खळखळत असेल तर त्याच्या काठाकाठाने जावे. पाण्याचा आवाज पावलाला गिळून टाकतो.

चौथी गोष्ट चालीची, आणि ती सर्वांत सूक्ष्म. मनुष्य दोन पायांवर एका ठेक्यात चालतो. त्या ठेक्यासारखा आवाज रानात दुसऱ्या कोणाचा नसतो. कोंबडी पाने उकरते, थांबते, पुन्हा उकरते; चरणारे जनावर दोन पावले टाकते आणि मान खाली घालते. म्हणून जाणता मनुष्य ठेका मोडून चालतो : तीन पावले, थांबणे, एक पाऊल, पुन्हा थांबणे. चुकून काटकी मोडलीच तर पळू नये, वाकू नये. झाडाच्या खोडासारखे उभे राहावे. रानात काटक्या मोडतातच. एका काटकीने जनावर मान वर करते, पण लगेच दुसरी मोडली तरच ते उधळते. शिवाय चरणाऱ्या जनावराच्या कानात त्याच्या स्वत:च्या चघळण्याचा आवाज असतो. त्याची मान खाली असेल तोवरच पुढे सरकावे.

शेवटी बंदुकीचा घोडा. तो चढविताना होणारा ‘कट्’ असा लोखंडी आवाज रानातील कोणत्याही आवाजाशी जुळत नाही. तासाची मेहनत त्या एका आवाजाने वाया जाई. म्हणून खिशातील किल्ल्या, नाणी, खळीचे कपडे, खिळ्यांच्या वहाणा ही सारी घरी ठेवून निघण्याचा शिरस्ता होता.

ही विद्या केवळ कोकणची नव्हे. देशावरील व वऱ्हाडाकडील मोकळ्या माळांवर आड घेण्यास ना झाड ना ओहोळ; तेथे पारधी समाजाने निराळी युक्ती काढली होती. शिकविलेली गाय अथवा बैल पुढे घालून त्याच्या आडोशाने तो चालत जाई. चरत्या गुराच्या खुरांचा आवाज हरिणाच्या परिचयाचा; त्या आवाजात माणसाचे दोन पाय लपून जात. या समाजातील एका शाखेस गाय पारधी असे नावच पडले. काळविटाच्या शिकारीत बैलगाडीचाही असाच उपयोग होई. कुरकुरणारी गाडी शेतकऱ्याची, तिचे भय नाही, हे काळवीट शिकलेला असे. शिकारी चित्त्याला गाडीत बसवून कळपाजवळ नेण्याची जुनी रीत त्यावरच आधारलेली होती. कोल्हापूर दरबारात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याची परंपरा विसाव्या शतकातही चालू होती, हे पुष्कळांच्या वाचनात असेल. वाऱ्याची झुळूक, गाईचे खूर, गाडीची कुरकुर : साधने वेगळी, तत्त्व एकच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वर दिलेल्या साऱ्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या खऱ्या. परंतु त्या त्यांना कोणी शिकविल्या? याचे उत्तर त्यांच्याच बोलण्यात असे, आपण मात्र ते ऐकत नव्हतो. प्रत्येक गोष्टीत पुढे चालणारा एक कातकरी असे. तो अनवाणी, अंगावर वाजेल असे वस्त्र नाही, आणि मागून येणाऱ्या बंदूकवाल्याला हाताच्या खुणेने थांबविणारा. माग त्याने काढावयाचा, वारा त्याने पाहावयाचा, पाऊल कोठे टाकावे ते त्याने दाखवावयाचे. आणि बार मालकाने टाकावयाचा. शिंगे मालकाच्या ओटीवर गेली. छायाचित्र निघालेच तर मध्यभागी बंदूक घेतलेले आपले आजोबा, आणि कडेला उभा असलेला तो मनुष्य बिननावाचा. आमच्या घरी गोष्ट सांगताना जनावराची उंची, शिंगांची लांबी, बंदुकीचा कारखाना हे सर्व यथास्थित सांगितले जाई. त्या मनुष्याचे नाव मात्र मला आज सांगता येत नाही.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, अशी त्यांच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. एकोणिसाव्या शतकात सरकारने राने राखीव केली तसा त्यांचा तो धंदा आखडला आणि पुष्कळांच्या नशिबी मोलमजुरी, कोळशाच्या व विटांच्या भट्ट्या आल्या. पारधी समाजाची गोष्ट याहून करुण. रानातून न वाजता चालण्याची जी हातोटी दरबारात कौतुकाची, तीच गावात संशयास्पद ठरली. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा विस्तार पुढे मुंबई इलाख्यात झाला आणि जन्मत:च गुन्हेगार असा शिक्का फासेपारध्यांवर बसला. तो कायद्याने पुसला गेला १९५२ साली. लोकांच्या मनातून तो पुरता पुसला गेला आहे असे म्हणवत नाही.

दरम्यान रानही पालटले. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ च्या सुमारास दिलेला लढा सर्वांस ठाऊक आहे. त्याच मुळशीचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीखाली भिरा येथील वीजघरात उतरू लागले आणि वीज निर्माण करून कुंडलिकेस मिळू लागले. उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नदीला बारमाही पाणी आले. आज त्याच पाण्यावर कोलाडला तरुण मंडळी रबरी नावांतून नदीचा वेग अनुभवावयास येतात. चैत्र-वैशाखातही नदीचा खळाळ कानी पडतो. परंतु त्याच्या आडून पाऊल टाकीत जावे, इतकी जनावरे काठाला राहिली नाहीत.

कायदाही बदलला, आणि ते योग्यच झाले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ साली सर्व देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला. आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचा उरलासुरला दरवाजाही बंद झाला. जंजिऱ्याच्या नबाबांचे राखीव शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले. एकेकाळी जेथे बार वाजत, तेथे आज शेकरू निर्धास्तपणे फांदीवरून फांदीवर जाते. शिकार पुन्हा सुरू व्हावी असे म्हणणारा मनुष्य आपल्या मंडळात नसावा, आणि प्रस्तुत लेखकाचे तर तसे मुळीच म्हणणे नाही.

परंतु शिकार गेली म्हणून ती ऐकण्याची विद्याही जावी, असे नाही. जनावरांची मोजदाद करणारा, त्यांचे छायाचित्र घेणारा, रानाची राखण करणारा, या सर्वांना आजही तेच पाऊल हवे आहे. ते ज्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांची मुले आज भट्ट्यांवर विटा वाहत आहेत. ही हानी रानाची आहे तशी आपलीही आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींना एक नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या घरी जुन्या शिकारीचे छायाचित्र असेल तर ते काढावे. घरात कोणी वृद्ध आजी-आजोबा हयात असतील तर त्यांना विचारावे, की कडेला उभा असलेला हा मनुष्य कोण, कोणत्या वाडीचा, आणि त्याची नातवंडे आज कोठे आहेत. नाव कळले तर छायाचित्राच्या मागे लिहून ठेवावे, आणि शक्य झाल्यास त्या वाडीवर जाऊन ते छायाचित्र त्यांनाही दाखवावे. त्यांच्या घरी आजोबांचे दुसरे छायाचित्र असण्याचा संभव फार थोडा. आपल्या स्मरणिकेत पूर्वजांचे पराक्रम आपण वर्षानुवर्षे छापीत आलो; त्या पराक्रमांत ज्यांचे पाऊल होते त्यांचे नाव छापण्यास एक पान खर्ची पडले, तर त्याने आपल्या पूर्वजांना कमीपणा येणार नाही. जी माणसे आयुष्यभर आपले पाऊल वाजू न देता चालली, त्यांचा इतिहास तरी मुका राहू नये. असो.