डफील्डच्या टेकडीवरची पंधरा इंची रेल्वे

मराठीत 'हौशी' ह्या विशेषणाचे नशीब मोठे विचित्र आहे. ते रंगभूमीला लागले की त्यात आपल्याला निष्ठा दिसते; इतर कोणत्याही उद्योगाला लागले की रिकामटेकडेपणा. परसात रूळ अंथरून छोटी आगगाडी चालवणारा माणूस तर सरळ दुसऱ्या खात्यात जमा होतो. असा एक माणूस गेले काही महिने आम्हां साहित्याच्या अध्यापकांच्या गप्पांत वारंवार डोकावतो आहे, आणि त्याला कोणत्या खात्यात टाकावे ह्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

त्याचे नाव आर्थर पर्सिव्हल हेवुड. जन्म 1849, मृत्यू 1916. घराणे मँचेस्टरच्या सावकारी पेढीवाल्यांचे. पुढे वडिलांमागून 'सर' ही उपाधीही त्याच्याकडे आली. केंब्रिजला त्याने उपयोजित विज्ञानाचा अभ्यास केला. पण त्या वर्गातल्या माणसाने पगारी अभियंता व्हावे ही रीत नव्हती. मग शिकलेल्या विद्येचे करायचे काय? विवाहानंतर तो डर्बीशरमधील डफील्ड गावी, डरवेंट नदीच्या खोऱ्यावरच्या टेकडीच्या उतारावर राहायला गेला आणि 1874 पासून त्याने आपल्याच आवारात रेल्वे बांधायला घेतली. लहानपणी धाकट्या भावंडांसाठी त्याने नऊ इंच रुंदीची गाडी करून पाहिली होती. तिच्यावर माणूस बसला की ती कलंडायची. त्या अनुभवातून दोन रुळांमधले अंतर त्याने पंधरा इंच ठरवले. माणसे आणि माल सुरक्षितपणे वाहून नेऊ शकणारी सर्वांत अरुंद रेल्वे कोणती, ह्या प्रश्नाचे ते उत्तर होते. ह्या प्रकाराला त्याने दिलेल्या नावाचा अर्थही 'किमान रुंदीची रेल्वे' असाच आहे. खेळण्याचे नाव असे नसते.

बागेत रेल्वे घालणारा कोणीही आधी सपाट जागा शोधतो. हेवुडकडे ती नव्हती. कार्यशाळा खाली, आणि फेरी मारण्याजोगी जागा वर, जुन्या खाणीच्या बाजूला. मध्ये चढ, दहा-बारा फुटांमागे एक फूट. मराठी वाचकाला ह्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : 1863 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील रेल्वेचा सर्वांत कडक चढ सदतीस फुटांमागे एक फूट आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. ह्याने मात्र त्याच्या तिपटीहून उभा चढ घराच्या आवारात घेतला. शिवाय तीन बोगदे, लाकडी खांबांवरचा उंच पूल, आणि अवघ्या पंचवीस फूट त्रिज्येची वळणे. जागेची अडचण हीच त्याने प्रयोगशाळा केली. इथे जी गाडी चालेल ती कोणाच्याही शेतावर, कोणत्याही डोंगरात चालेल, हा त्यामागचा युक्तिवाद.

अडचण कोणती, हे थोडे समजून घ्यायला हवे. गुळगुळीत लोखंडी रुळावर लोखंडी चाक पकड धरते ती केवळ वजनाच्या जोरावर. इंजिनाचा भार ज्या चाकांवर पडतो, त्यांतली जी वाफेने फिरतात तेवढीच ओढण्याच्या कामी येतात. कोरड्या रुळावर ही पकड त्या भाराच्या एक पंचमांश धरली, तर दहास एक चढावर इंजिन स्वतःखेरीज जेमतेम आपल्याच वजनाची गाडी ओढू शकेल. ओली पाने रुळावर पडली की तेही नाही. (गाडी लहान केली तरी पाऊस काही लहान होत नाही.) म्हणून सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर हवा, म्हणजे सगळीच चाके एकमेकांना जोडलेली हवीत. पण एका ओळीत जखडलेली सहा-आठ चाके अरुंद वळणावर रुळात अडकतात. चढाला जे हवे ते वळणाला चालत नाही.

हेवुडने ह्यावर काढलेली तोड आम्हांला फार सुंदर वाटते. वाफेच्या जोराने फिरणारा आस त्याने जागेवरच ठेवला. त्याच्यावर नळीसारखे पोकळ वेष्टण चढवून चाके त्या वेष्टणाला बसवली. आस सरळ राहतो, चाकांची जोडी मात्र वळणाबरोबर किंचित तिरपी होते, बाजूला सरकते. ह्या रचनेमुळे 1894 चे त्याचे आठ चाकी इंजिन 'म्युरिएल' पंचवीस फुटी वळणेही पार करू लागले. त्याआधीची दोन, 'एफी' (1875) आणि 'एला' (1881), ही अनुक्रमे चार आणि सहा चाकी. इंजिने त्याने स्वतःच्याच कार्यशाळेत घडवली.

इथपर्यंत आमचे एकमत. मतभेद सुरू होतो तो डब्यांपाशी. मालवाहतुकीसाठी रेल्वे सिद्ध करू पाहणाऱ्या ह्या गृहस्थाने पंधरा इंची रुळांवर चुलीसह जेवणाचा डबा बांधला, चार जणांना निजता येईल असा शयनाचा डबाही बांधला. जेमतेम मैलभराच्या मार्गावर निजायचे केव्हा? आमच्यातील एकाचे म्हणणे, हा सरळ खेळ आहे आणि शेतीची उपयुक्तता हे लोकलाजेसाठी पांघरलेले उपरणे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की एवढ्या अरुंद रुळांवर माणूस निर्धास्त झोपू शकतो हे दाखवण्याइतका ठाम पुरावा दुसरा नाही. दोन्ही खरे असावे. बाकीचे आयुष्य पाहता हा माणूस कोणतीही हौस अर्धवट करणारा दिसत नाही. चर्चच्या घंटा वाजवण्याच्या छंदातूनही त्याने 1891 मध्ये घंटावादकांची मध्यवर्ती संस्था उभी केली.

1881 मध्ये त्याने आपल्या रेल्वेपद्धतीवर पुस्तिका स्वखर्चाने छापली, पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. गिऱ्हाईक मिळाले एकच. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने चेशरमधील ईटन हॉल ह्या आपल्या वाड्यापर्यंत कोळसा आणि इतर सामान आणण्यासाठी 1896 मध्ये त्याच्याकडून रेल्वे करून घेतली. ती दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाली, म्हणजे अर्धशतक चांगली राबली. तरी दुसरा जमीनदार पुढे आला नाही, सैन्यही आले नाही. तोवर फ्रान्समध्ये देकोव्हिलने साठ सेंटिमीटर रुंदीचे, जोडता-सोडता येणारे तयार रूळ बाजारात आणले होते. ते कोणालाही विकत घेता येत. हेवुडच्या रेल्वेला मात्र हेवुडच लागे. हौशी कर्तृत्वाची मर्यादा आम्हांला इथे दिसते, कारागिरीत नव्हे. 1916 मध्ये तो वारला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने फ्रान्समधल्या रणभूमीवर छोट्या रेल्वेचा मोठा पसारा मांडायला घेतला, तो साठ सेंटिमीटरच्या रुळांवर.

ह्या कहाणीचा धागा नेरळपर्यंत येतो असे म्हटले तर ओढाताण होणार नाही. 1907 मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेवर वीस फुटांमागे एक फूट असे चढ आहेत, आणि वळणे डोंगराला बिलगलेली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंट कोपेल कंपनीकडून आलेल्या चार इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते : आत घट्ट आस, बाहेर पोकळ वेष्टण, चाके वेष्टणाला. डोंगराने विचारलेला प्रश्न तोच, उत्तरही त्याच कुळातले. ह्या गाडीलाही आपण 'खेळण्यातली गाडी' म्हणतो. आदमजी पीरभॉय घराण्याने ती सोळा लाख रुपये घालून उभी केली होती.

डफील्डचे रूळ हेवुडमागे उखडले गेले. 'म्युरिएल' इंग्लंडच्या वायव्येकडील रॅव्हनग्लास-एस्कडेल मार्गावर गेली. तिथली बंद पडलेली तीन फुटी रेल्वे 1915 पासून नव्याने पंधरा इंची करण्यात आली होती. 1927 मध्ये तिथे 'म्युरिएल'च्या सांगाड्यावर नवा बाष्पक चढवून 'रिव्हर इर्ट' हे इंजिन तयार झाले. ते आजही सात मैलांच्या त्या दरीत सहलीला आलेल्या मुलांना ओढते.