दुसऱ्या फळीचा खेळ

फुटबॉलचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. विश्वचषक कोणी जिंकला आणि अंतिम सामन्यातला निर्णायक गोल कोणी केला, हे पोरासोरांनाही मुखोद्गत असते. परंतु प्रत्येक व्यावसायिक क्लबच्या पदरी मैदानावरच्या अकरा जणांखेरीज आणखीही बरेच खेळाडू असतात. कोणी दुखापतीतून सावरत असतो, कोणी महिनोन्‌महिने राखीव बाकावर बसून असतो, तर कोणाला अजून मिसरूडही फुटलेले नसते. या मंडळींनी खेळायचे कुठे आणि कोणाशी, हा प्रश्न व्यावसायिक फुटबॉलइतकाच जुना आहे. अमेरिकेत २०२२ साली सुरू झालेली ‘एमएलएस नेक्स्ट प्रो’ ही लीग म्हणजे या प्रश्नाला मिळालेले एक नवे उत्तर होय. तिची हकिकत सांगण्यापूर्वी जुन्या दोन उत्तरांकडे दृष्टिक्षेप टाकणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिले उत्तर इंग्लंडचे. १९११ साली तेथे ‘सेंट्रल लीग’ स्थापन झाली. उत्तर व मध्य इंग्लंडातील मोठ्या क्लबांचे राखीव संघ मुख्यत्वे तिच्यात आपापसांत खेळत. सोय उत्तम होती, पण एक उणीव जन्मजातच होती. त्या सामन्यांत कोण जिंकले वा कोण हरले, याने फारसे काहीच बिघडत नसे. सराव होई, परंतु कसोटी लागत नसे. पुढे नावे बदलली, वयोमर्यादा आल्या आणि २०१६ साली ‘प्रीमियर लीग २’ अवतरली. राखीव संघांना वेगळ्या अंगणात ठेवण्याची मूळ कल्पना मात्र तशीच राहिली.

स्पेनने याच्या अगदी उलट मार्ग धरला. तेथे मोठ्या क्लबचा दुसरा संघ इतर गावांच्या पहिल्या संघांबरोबर खालच्या श्रेणीत खेळतो आणि गुणवत्तेवर वर चढतो. अट एकच : आपल्या मूळ संघाच्या श्रेणीत त्याला जाता येत नाही. या व्यवस्थेतून १९८० साली एक विलक्षण प्रसंग ओढवला. रेआल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया हा वरच्या श्रेणीतील चार संघांना नमवून स्पॅनिश राजचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर कोण, तर प्रत्यक्ष रेआल माद्रिद! ४ जून रोजी थोरल्याने धाकट्याला ६-१ असे हरवले. चारच वर्षांनी, १९८४ साली, बुत्राग्वेन्यो आणि त्याच्या सवंगड्यांच्या कास्तियाने दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळविले, पण नियमानुसार बढती मिळाली नाही. ते तरुण मात्र एकेक करून पहिल्या संघात गेले आणि माद्रिदच्या वैभवाचे मानकरी झाले.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील प्रमुख व्यावसायिक स्पर्धा ‘मेजर लीग सॉकर’ १९९६ साली सुरू झाली. तिने २००५ साली राखीव संघांची वेगळी स्पर्धा काढली, २००८ नंतर ती गुंडाळली आणि २०११ साली पुन्हा मांडली. ही धरसोड बोलकी आहे. ज्या सामन्याला प्रेक्षक नाहीत आणि ज्याच्या निकालाला मोल नाही, त्यावर खर्च करताना मालकांचा हात आखडतो. २०१४ साली लॉस एंजेलिस गॅलक्सीने आपला दुसरा संघ यूएसएल या स्वतंत्र लीगमध्ये उतरविला. इतर क्लबांनीही त्याचा कित्ता गिरविला. येथे सामने खरे होते. पण कालांतराने क्लबांना स्वतःचेच घर हवेसे वाटू लागले. त्यातून तिसऱ्या श्रेणीची ‘नेक्स्ट प्रो’ जन्मास आली.

२५ मार्च २०२२ रोजी पहिला सामना झाला. यजमान होता सेंट लुईस सिटीचा दुसरा संघ. गंमत अशी की त्या क्लबचा पहिला संघ तेव्हा मैदानात उतरलाच नव्हता. तो २०२३ साली आला. धाकटा थोरल्याच्या आधी जन्मल्याचे हे दुर्मीळ उदाहरण! पहिल्या वर्षी एकवीस संघ होते. बरोबरी झाल्यास पेनल्टीने निकाल लावून विजेत्याला एक जादा गुण द्यायचा, असा नियम केला गेला. एकही सामना अनिर्णित राहू नये आणि कोवळ्या पोरांना दडपणाची सवय व्हावी, हे त्याचे फळ.

पहिले अजिंक्यपद कोलंबस क्रूच्या दुसऱ्या संघाने सेंट लुईसला ४-१ असे हरवून मिळविले. त्या संघातील गोलरक्षक पॅट्रिक शुल्टे पुढल्याच वर्षी कोलंबसच्या पहिल्या संघाचा गोलरक्षक झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या संघाने मेजर लीगचा चषक जिंकला. जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाचा कॅव्हन सलिव्हन वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उतरला. त्याच मोसमात तो आधी दुसऱ्या संघातून खेळला होता. शिडी मजबूत आहे, हे यावरून सिद्ध होते.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. पहिल्या वर्षीच्या एकवीस संघांत कोणत्याही मोठ्या क्लबचे अंकित नसलेले एकच नाव होते, ते रोचेस्टरचे. न्यूयॉर्क राज्यातील या क्लबने १९९९ साली मेजर लीगच्या चार संघांना धूळ चारून ‘यू. एस. ओपन कप’ जिंकला होता. त्यानंतरच्या पाव शतकात खालच्या श्रेणीच्या एकाही संघाला तो पराक्रम साधला नाही. मधली काही वर्षे बंद राहून हा क्लब २०२२ साली परतला. मार्च २०२३ मध्ये, दुसऱ्या मोसमाच्या तोंडावर, त्याने आपला कारभार आटोपला. ज्यांच्या पाठीशी श्रीमंत मूळ क्लब होते ते टिकले. जो आपल्या गावाचा पहिला संघ होता तोच मिटला. पुढे २०२४ साली चॅटनूगा व कॅरोलायना कोअर हे स्वतंत्र क्लब दाखल झाले, हे खरे. पण रोचेस्टरची जागा रिकामीच राहिली.

त्याच ओपन कपवरून डिसेंबर २०२३ मध्ये मोठा वाद उद्‌भवला. ही स्पर्धा १९१४ पासूनची; तिच्यात लहान गावाचा संघ बड्या संघाला आव्हान देऊ शकतो, हेच तिचे भूषण. वेळापत्रकाची गर्दी पुढे करून मेजर लीगने जाहीर केले की, यापुढे आपले पहिले संघ येणार नाहीत. नेक्स्ट प्रोचे दुसरे संघ येतील. पाचच दिवसांत अमेरिकन महासंघाने ही विनंती नाकारली. अखेर तडजोड होऊन २०२४ साली केवळ आठ क्लबांनी आपले पहिले संघ पाठविले, तर इतर कित्येकांनी दुसऱ्या संघांवर भागविले.

आमच्या मते या वादात खरा मुद्दा वेळापत्रकाचा नव्हता. दुसरा संघ स्वतःच्या बळावर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचतो, जसा कास्तिया पोहोचला, तेव्हा त्याचा गौरव होतो. तोच संघ थोरल्याला यायची इच्छा नाही म्हणून पाठविला जातो, तेव्हा यजमान गावाचा आणि त्या तरुणांचाही मान कमी होतो. घरच्या वडीलधाऱ्याने लग्नाला स्वतः न जाता लहान मुलाच्या हाती आहेर धाडावा, तशातला हा प्रकार. मुलाचा त्यात दोष नसतो, पण यजमानाला जे समजायचे ते समजते.

आपल्या देशातही हा प्रयोग सुरू झाला आहे. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात पहिली ‘रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग’ खेळविली गेली. इंडियन सुपर लीगमधील क्लबांचे तरुण संघ आणि नवी मुंबईची एक अकादमी तीत होती. बंगळुरूने अजिंक्यपद पटकावले. ज्या गोव्यात गावोगाव फुटबॉलची मैदाने आहेत, तेथेच हा आरंभ व्हावा हे उचितच झाले.

शंभराहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून आम्हांला एवढेच उमगते की, दुसऱ्या फळीला केवळ मैदान आणि गणवेश देऊन भागत नाही. तिच्या विजयाला मोल आणि पराभवाला बोच असावी लागते. शिवाय मोठ्यांच्या मुलांसाठी शिडी उभारताना रोचेस्टरसारख्यांची जमीन त्या शिडीखाली जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. आपल्याकडील नव्या लीगच्या चालकांनी व पालकांनी या दोन्ही गोष्टी वेळीच ध्यानी घ्याव्यात.