आपत्कालीन शिधावडी
आपत्कालीन शिधावडी : जहाज बुडाल्यावर जीवनौकेत उतरलेल्या, अथवा भूकंप, महापूर किंवा युद्ध यांमुळे घर व चूल गमावलेल्या माणसांना पहिले काही दिवस तग धरता यावा, एवढ्याच हेतूने तयार केलेला, न शिजवता खाण्याजोगा, घट्ट दाबलेला खाद्यपदार्थ. गव्हाचे पीठ, वनस्पतिजन्य स्निग्धांश व साखर हे तिचे मुख्य जिन्नस असून हवाबंद वेष्टनात ती साधारणतः पाच वर्षे टिकते.

जीवनौकेवरील शिध्याची रचना भुकेपेक्षा तहानेच्या हिशेबाने झालेली आहे. प्रथिनांच्या विघटनातून उत्पन्न होणारा युरिया व अन्नातील मीठ मूत्रावाटे उत्सर्जित करण्यास शरीराला पाणी खर्चावे लागते, आणि भर समुद्रात टंचाई असते ती नेमकी गोड्या पाण्याचीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डचे वैद्य जेम्स गॅम्बल यांनी प्रयोगांती दाखविले, की उपाशी माणसास रोज सुमारे 100 ग्रॅम शर्करा मिळाल्यास त्याच्या शरीरातील प्रथिनांची झीज घटते व पाण्याचीही बचत होते. खलाशांच्या जुन्या खारवलेल्या मांसाला म्हणूनच या शिध्यात थारा नाही. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांबरहुकूम जीवनौकेत दर माणशी किमान 10,000 किलोज्यूल, म्हणजे सुमारे 2,400 किलोकॅलरी, अन्नाची व 3 लिटर पाण्याची तजवीज असावी लागते.

चवीविषयीची कल्पना मात्र पालटली. 1937 मध्ये अमेरिकी सैन्याचे कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीकडून चार औंसांची, उष्णतेने न वितळणारी चॉकलेटवडी मागविली, तेव्हा तिची चव उकडलेल्या बटाट्याहून किंचितच बरी असावी, अशी अट घातली. चटक लागून शिपायाने ती वेळेआधीच फस्त करू नये, हा त्यातील व्यवहारी धूर्तपणा. ओटचे पीठ घातलेली ती वडी इतकी कठीण झाली, की पुष्कळांना ती चाकूने तासून खावी लागे. आजच्या लिंबाच्या वा नारळाच्या स्वादाच्या वड्यांनी ती कठोरता सोडली असून संयमाचा भार खाणाऱ्यावरच टाकला आहे.

जमिनीवरील मदतकार्यात, जेथे पिण्याचे पाणी बहुधा पोचवता येते, प्रथिनांचे प्रमाण वाढविण्यास हरकत नसते. नॉर्वेची बीपी-5 ही अशीच वडी : 500 ग्रॅमच्या पाकिटात सुमारे 2,300 किलोकॅलरी. लहान मुलांसाठी ती कुस्करून स्वच्छ पाण्यात पेजेसारखी कालवतात. सहा महिन्यांखालील अर्भकास ती वर्ज्य होय. तीव्र कुपोषणावरील उपचारार्थ दूधभुकटीयुक्त बीपी-100 ही वडी निराळी असून कोठीदाराने दोहोंची गल्लत करता कामा नये.