आयव्ही ली यांचे गद्य : प्रसिद्धिपत्रकाच्या भाषेचा एक प्रारंभ

जनसंपर्कासाठी लेखन कसे करावे हे शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकांत संक्षेप, सुबोधता, मुख्य गोष्ट आरंभीच मांडणे इत्यादी गुणांची चर्चा विपुल असते. हे गुण या लेखनात कोठून आले आणि ते येताना मागे काय राहून गेले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तो जितका इतिहासाचा आहे तितकाच भाषेचाही आहे. म्हणून प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील आयव्ही लेडबेटर ली (१८७७–१९३४) यांच्या लेखनाचा, मुख्यतः १९०६ ते १९१५ या काळापुरता, विचार केला आहे.

१९०२ साली पेनसिल्व्हेनियातील कोळसाखाणींत एक लाखाहून अधिक मजुरांनी संप केला. मजुरांचे नेते जॉन मिचेल वार्ताहरांना मोकळेपणाने भेटत. मालकपक्ष बहुधा मौन पाळी. मालकांपैकी प्रमुख असलेले जॉर्ज बेअर यांचे एक पत्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ईश्वराने ज्या ख्रिस्ती सज्जनांच्या हाती संपत्ती सोपविली आहे त्यांच्याकडून मजुरांच्या हिताचे रक्षण केले जाईल, असा त्याचा आशय होता. त्या वाक्यात मजूर कोठेही कर्ता नाही. त्याचे सर्व काही 'केले जाणार' आहे. आपल्या कचेऱ्यांतील 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' या रचनेशी त्याचे गोत्र जुळते. तेथेही कळविणारा कोण, हे वाचणाऱ्याने ताडावयाचे असते. बेअर यांच्या पत्राची वृत्तपत्रांनी यथेच्छ टवाळी केली.

१९०६ साली पुन्हा संपाचे चिन्ह दिसू लागले तेव्हा मालकांनी ली यांना नेमले. ली पूर्वी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत वार्ताहर होते आणि बातमीचा साचा त्यांच्या हातात बसलेला होता. त्यांनी संपादकांकडे एक निवेदन पाठविले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'अमेरिकन मॅगझिन'मधील एका लेखात ते छापले गेल्यामुळे आज उपलब्ध आहे. आमचे काम गुप्त नाही, उघड आहे. ही जाहिरात नव्हे. मजकूर अचूक असेल. आणि कोणाही संपादकास त्याची शहानिशा करावयाची असल्यास आम्ही साहाय्य करू, असा त्याचा मथितार्थ. विद्यार्थी हे निवेदन शैलीचा आदर्श म्हणून वाचतात. माझ्या मते त्यातील शैली हा गौण भाग आहे.

याचे कारण मराठीच्या आधारे सांगता येईल. 'कंपनीने मजुरी वाढविली' आणि 'कंपनीने मजुरी वाढविली म्हणे' ही दोन वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत. परंतु दुसऱ्यात बोलणाऱ्याने त्या घटनेची हमी घेतलेली नाही. इंग्रजीत असा सुटसुटीत निपात नाही. तेथे सांगणाऱ्याचे नाव घ्यावे लागते. कंपनी जेव्हा बातमीच्या साच्यात, तृतीय पुरुषात, स्वतःविषयी लिहू लागते तेव्हा पक्षकाराचे विधान तटस्थ वार्ताहराच्या आवाजात ऐकू येते. हा धोका ली जाणून होते असे दिसते. किंबहुना, नाव उघड ठेवणे आणि शहानिशेस वाव देणे ही दोन आश्वासने म्हणजे 'म्हणे'ची उणीव भरून काढण्याचीच व्यवस्था होती.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून आगगाडी पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. ली यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या वतीने वार्ताहरांना अपघातस्थळी नेले व निवेदन दिले. हे पहिले प्रसिद्धिपत्रक होय असे सांगितले जाते. 'पहिले' या शब्दाविषयी इतिहासकाराने थोडे सावध असावे हे बरे.

खरी कसोटी लागली ती कोलोरॅडोत. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर राज्याच्या सैनिकांनी हल्ला केला. तंबू जळाले आणि एका तंबूखालील खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले मरण पावली. तेथील प्रमुख कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचे मोठे भांडवल होते. धाकटे रॉकफेलर यांनी ली यांचा सल्ला घेतला आणि पत्रकांची एक मालिका देशभर निघाली. ती खाणव्यवस्थापकांच्या समितीच्या नावाने निघाली. ली यांचे नाव तिच्यावर नव्हते. मालिकेच्या शीर्षकातील पहिलाच शब्द 'तथ्ये' असा होता. वाक्ये आखूड, आकडे नेमके, विशेषणे मोजकी. शैली म्हणून पाहता दोष काढणे कठीण. मात्र एका पत्रकात मजूरनेत्यांना वर्षभरात मिळालेल्या रकमा नऊ आठवड्यांच्या म्हणून छापल्या गेल्या, त्यामुळे त्यांचे वेतन कित्येक पटींनी फुगले. चूक गणिताची होती असे म्हणता येईल. परंतु ज्या वाचकाने पत्रक हाती घेतले त्याला पडताळा घेण्याची सोय कोठे होती? १९०६ च्या निवेदनातील गद्य येथे पुरतेपणी उतरले होते, त्यातील व्यवस्था मात्र उतरली नव्हती. अप्टन सिंक्लेअर यांनी ली यांच्या नावावर श्लेष करून त्यांना 'पॉयझन आयव्ही' या विषारी वेलीचे नाव दिले, आणि ते पुढे त्यांना कायमचे चिकटले.

१९१५ च्या आरंभी औद्योगिक संबंधविषयक संघराज्य आयोगापुढे ली यांची साक्ष झाली. या मजकुराची सत्यता पडताळण्यासाठी आपण स्वतः काय केले, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. आपण काहीही केले नाही, खाणमालकांनी जी माहिती पुरविली तीच आपण मांडली, असे त्यांनी उत्तर दिले.